केवणीची साल

पिंपळे गुरव

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला कुणीतरी आपला प्रवास वाचून दाखवतं. आतापर्यंत युरोप झाला, व्हिएतनाम झाला, आणि बाली तर इतक्यांदा झाली की तिथल्या हॉटेलांचा नाश्ता मला तोंडपाठ आहे. या वेळी माझं नाव पुढे आलं. कुठे गेला होतात, असं विचारल्यावर मी चाकण म्हणालो, तेव्हा सगळे हसले. एकाचा जावई रोज चाकणला जातो म्हणे. खरं आहे, लाखो माणसं जात असतील. पण रोज जाणाऱ्याला पुढच्या कंटेनरचा मागचा दरवाजा तेवढा दिसतो. मी जे बघायला गेलो ते त्यांतल्या कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. यापुढे कुणाला बघता येईल असंही वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो. करमणूक होणार नाही हे आधीच सांगतो. ज्यांना बाली हवी त्यांनी पुढच्या महिन्यात यावं.

माझी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका औषधांच्या कंपनीत गेली. मी प्रयोगशाळेत होतो. आयुर्वेदिक औषधांसाठी जो सुका पाला, मुळं, शेंगा येत, त्या अस्सल आहेत की भेसळीच्या, हे तपासायचं माझं काम. मुरुडशेंग तर पोत्यांनी यायची. लहान मुलाच्या पोटात दुखायला लागलं की घुटीत जी उगाळून देतात, ती पीळ घातलेली शेंग. तिची पूड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की चांदण्यांसारखे बारीक केस दिसत. ते दिसले की माझं समाधान होई. सबंध नोकरीभर मी ही शेंग ओळखत आलो, आणि तिचं झुडूप मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. एखाद्याशी वर्षानुवर्षं फोनवर बोलावं आणि भेट कधीच होऊ नये, तसं.

त्याच कंपनीत बबनराव कच्च्या मालाच्या गोदामात होते. चाकणच्या पलीकडल्या एका गावातलं जुनं शेतकरी घर. पहाटे शेतात पाण्याची दारं धरायची आणि मग शिफ्टला यायचं, असं त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. मुरुडशेंगेचं पोतं उतरलं की ते मूठभर शेंगा तळहातावर घेत आणि म्हणत, ही आमची केवण, हिच्या सालीचा दोर आमी देवाला देतो. मी हो हो करून पुढचा नमुना मागत असे.

दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. केवण मिळेनाशी झाली आहे, यंदा दोर होतो की नाही अशी वेळ आली आहे, तुम्ही झाडपाल्यातले आहात, चार दिवस या आणि शोधायला मदत करा. आवाज नेहमीचा नव्हता. मी लगेच बॅग भरली. सुटी घालवायला चाकणला जाणारा माणूस जगात पहिलाच असेल, असं बायको म्हणाली.

चाकण

तळेगाव चौकापर्यंतच्या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो केला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांना पटणार नाही. बबनराव चौकात स्कूटर घेऊन उभे होते. निवृत्तीनंतर माणसं सुटतात, हे वाळले होते. शिफ्ट नुकतीच सुटली होती आणि गळ्यात कार्डं अडकवलेल्या पोरी बसच्या मागे धावत होत्या. आम्ही त्यांच्यातून वाट काढत गावच्या रस्त्याला लागलो.

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या शेड आहेत. दोन शेडच्या मध्ये चुकून राहिलेला एखादा तुकडा असतो आणि त्यात कोणीतरी कांद्याचं रोप टाकलेलं असतं. मग एकदम एक बंगला येतो, गेटवर सिमेंटचे दोन सिंह, आणि अंगणात म्हैस. मी मूळचा चिपळूणकडचा. आमच्याकडे जमीन विकली की माणूस मुंबईला जातो. इथे जमीन विकून माणूस तिथेच राहतो आणि मुंबई त्याच्या दारात येते. यातलं बरं कोणतं हे मला परत येईपर्यंत ठरवता आलं नाही.

बबनरावांच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत आणि हे वाचून ती वाईट वाटू नयेत.

वहिनींनी मासवडी केली होती. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून तिच्या वड्या कापतात आणि जाळ उठेल अशा रश्शाबरोबर देतात. मासा कुठेच नसतो. आमच्यासारख्या कोकण्याला ही फसवणूक वाटायला हवी, पण मी तीनदा वाढून घेतलं आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत राहिलो. वहिनी हसल्या. त्यानंतर मी तिथे असताना त्या घरात हसू एकदाच ऐकू आलं.

जेवण झाल्यावर बबनरावांनी दोराचं सगळं नीट सांगितलं. चैत्रात गावच्या भैरवनाथाची यात्रा भरते. उंच बांबूची काठी, वर निशाण, अशी ती देवळापासून डोंगरावरच्या देवाच्या ठाण्यापर्यंत उभी नेतात. चालताना ती झुकू नये म्हणून चारी बाजूंनी दोर धरलेले असतात. त्यातला पुढचा दोर बबनरावांच्या घराचा, आणि तो केवणीच्या सालीचाच लागतो, दरवर्षी नवा. दसरा झाला की केवण तोडायची, साल सोलून पाण्यात कुजत घालायची, मग धुऊन वाख, म्हणजे आतला तंतू, काढायचा आणि मांडीवर पीळ देत दोर वळायचा. पूर्वी ओढ्याच्या डोहात कुजत घालत. आता ओढ्याला बाराही महिने साबणासारखा फेस असतो, म्हणून बबनरावांनी भंगारातून एक निळं पिंप आणून परसात ठेवलं आहे.

मला सगळ्यात नवल वाटलं ते तोडण्याचं. आमच्या गावी देवाच्या रानातली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, पडलेलं झाड तिथेच कुजतं. इथे उलटं. देवाच्या डोंगरावरची केवण दरवर्षी बुडापासून तोडायची, हाच नेम. तोडली की पुढच्या पावसाळ्यात त्याच बुंध्यातून सरळ छड्या फुटतात, त्यांना फांद्या नसतात, म्हणून साल लांबच्या लांब निघते. फांदी फुटली की तिथे गाठ, आणि गाठीशी वाख तुटतो.

मी त्यांना म्हणालो, केवण काय सह्याद्रीत कुठेही मिळेल, भीमाशंकरच्या वाटेला गाडी काढू आणि भारा घेऊन येऊ. त्यांनी मान हलवली.

"गावच्या शिवंच्या आतलीच लागती, साहेब. तिकडली केवण तिकडल्या देवाची." मग म्हणाले, "माझ्या बापानं एक वरीस चुकवलं न्हाई. नाइट शिफ्ट करून मीबी न्हाई चुकवलं. मला पोरगा न्हाई, माझ्यामागं हे ऱ्हाणार न्हाई, ते मला कळतं. पण माझ्या हयातीत तुटाय नको."

संध्याकाळी त्यांचा पुतण्या संतोष येऊन गेला. पस्तिशीचा, तुरतुरीत, पांढरा शर्ट. त्याचे स्वतःचे जेसीबी आणि डंपर आहेत आणि देवस्थान मंडळाचा तो अध्यक्ष आहे. आल्या आल्या चुलत्याच्या पाया पडला, मग माझ्याही. वरच्या ठाण्याचा त्याने कसा कायापालट केला त्याचे फोटो दाखवले: फरशी, स्टीलचे कठडे, आणि कठड्याच्या आत राखलेली केवणीची झुडपं. ही झुडपं चुलत्याच्या मानाची म्हणून खास जपली आहेत, असं तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. मग शोधायचं काय, केवण तर इथेच आहे, असं मी म्हणालो. बबनराव दुसरीकडे बघत राहिले. ते सगळ्यात शेवटी बघू, एवढंच म्हणाले.

देवाचा डोंगर

सकाळी आम्ही डोंगराकडे निघालो. गावातून तो अखंड दिसतो. वळसा घालून मागे गेलं की कळतं, मागची बाजू नाही. भाकरीचा अर्धा भाग मोडून घेतल्यासारखा डोंगर कापलेला आहे, लालभडक, आणि तळाशी मुरमाचे डंपर भरले जात होते. बबनरावांच्या घराची केवण त्याच मागच्या उतारावर होती. गेल्या वर्षी अर्धा उतार उरला होता. आता काहीच नव्हतं.

कापलेल्या कडेवर मात्र एक झुडूप उभं होतं, आणि तिथे मी मुरुडशेंग पहिल्यांदा पाहिली. घाईने वर चढताना मुरमावरून घसरलो, गुडघा सोलून निघाला, पण गेलो. दीड पुरुष उंचीचं झुडूप. पान धामणीसारखं, गोलसर, टोकाला एकदम निमुळतं, कडेला दाते. वरून खरखरीत, खालून मऊ, आणि देठाजवळ एक बाजू दुसरीपेक्षा जरा मोठी. फुलं पानांच्या बगलेत, विटकरी तांबडी, पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधून वाकडा दांडा पुढे आलेला. शिळं फूल मात्र राखाडी निळं पडतं, म्हणून एकाच फांदीवर दोन वेगळ्या झाडांची फुलं आहेत असं वाटतं. एक शिंजीर पक्षी आला, पुढे आलेल्या त्या दांड्याखाली डोकं घालून मध प्यायला आणि टाळूवर परागकण घेऊन उडाला. हिरव्या शेंगा धरायला लागल्या होत्या. पाच बारीक दोऱ्या एकमेकींभोवती पिळून टाकाव्यात तशी एकेक शेंग. मी त्यांतली एक हातात धरली आणि मला भरून आलं. माणसाने आपल्या कामाची वस्तू कधीतरी जिवंत बघायला हवी.

बबनराव म्हणाले, उजव्या पिळाची शेंग नर आणि डाव्या पिळाची मादी. मी म्हणालो, तसं काही नसतं, एकाच फुलात दोन्ही असतात. आमचा वाद बराच चालला. ते हटले नाहीत आणि मीही नाही. निदान तेवढा वेळ आम्ही खाली बघितलं नाही.

खाली बघितलं तेव्हा झुडपाची मुळं कड्यावर उघडी लोंबत होती. एका मुळाला हवेतच कोवळं पान फुटलं होतं. हे एवढं एक झुडूप, तेही वाकडंतिकडं. त्यात हातभर दोर निघाला नसता. बबनरावांनी त्याला कोयता लावला नाही. पुढच्या आठवड्यात ते आपोआप खाली जाणार होतं.

दुपारभर आम्ही ओढ्याच्या काठाने शिवेपर्यंत फिरलो. एका ठिकाणी मला झुडूप सापडलं. भिंग काढून पानाखालचे केस बघितले, हुबेहूब चांदण्या. मी मोठ्या रुबाबात बबनरावांना हाक मारली. त्यांनी लांबूनच सांगितलं की ती धामण आहे. धामणीच्या केसांच्याही चांदण्याच असतात, हे मला पाठ होतं, पण भर उन्हात विसरलो. दोर हिचाही होतो, पण देवाला चालत नाही, एवढी त्यांनी माझी समजूत काढली. बाकी ओढ्याकाठी घाणेरी आणि रानमोडीशिवाय काही नव्हतं.

जाळीच्या आत

दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या उत्तरेच्या शिवेवर गेलो. तिथे एका कंपनीने घेऊन ठेवलेला मोठा प्लॉट आहे. गेल्या वर्षी यंत्राने सगळं रान कापून जाळीचं कुंपण घातलं, मग काम थांबलं आणि प्लॉट तसाच पडला. बबनराव जाळीच्या कडेने चालत होते. चालता चालता थांबले आणि त्यांनी जाळीला दोन्ही हात लावले.

आत केवण होती. एकदोन झुडपं नाहीत, सबंध पट्टा. गेल्या वर्षी यंत्राने बुडापासून कापलेली, आणि या पावसाळ्यात त्याच बुंध्यांतून फुटलेल्या सरळ, सडसडीत, पुरुषभर उंच छड्या. एकीलाही फांदी नाही. देवाच्या नेमाप्रमाणे जे करायचं ते कंपनीच्या यंत्राने नकळत करून ठेवलं होतं. बबनरावांनी जाळीतून बोटं घालून एक छडी ओढून घेतली आणि नखाने साल उकलली. हातभर लांब पांढरी पट्टी अलगद सुटून आली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी जोर लावून ओढली. तळहात कापला जाईल असं वाटलं, पण ती तुटली नाही.

"अशी केवण बापाच्या येळंला बघितली होती," ते म्हणाले.

फाटकावरचा राखणदार परभणीकडचा होता. त्याने आम्हाला चहा पाजला, खुर्ची दिली, पण आत सोडलं नाही. "काका, मला काय, लाकडंच तोडायलात तुम्ही. पण वर कॅमेरा हाय. उद्या सकाळी सायब येणारेत, त्यांना इचारून न्या की." त्याचं काही चुकलं नव्हतं. साहेब नाही म्हणणार नाहीत, उलट झाडी फुकट साफ करून मिळते म्हणून खूष होतील, असं मीच बबनरावांना म्हणालो. त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

त्या संध्याकाळी ते घर वेगळंच होतं. बबनरावांनी निळं पिंप घासून धुतलं आणि पाण्याने भरलं. कोयत्याला धार लावली. वहिनींनी देवापुढे नारळ काढून ठेवला, पहिल्या तोडीला लागतो म्हणून. कंपनीतल्या जुन्या गप्पा निघाल्या. एकदा मुरुडशेंगेच्या पोत्यात विंचू निघाला आणि आमचा मॅनेजर टेबलावर चढला होता, ती गोष्ट बबनरावांनी साभिनय करून दाखवली. मला वाटलं, चला, चाकणच्या प्रवासाचं सार्थक झालं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा प्लॉटमध्ये मांडव होता. भूमिपूजन होतं. जमीन हाताने सारवल्यासारखी सपाट आणि लाल, मध्ये रांगोळी, कलश, आणि बाजूला एक जेसीबी हार घालून उभा. त्याच्याशेजारी पांढऱ्या शर्टात संतोष. आम्हाला बघून तो आनंदाने पुढे आला. आपल्याच कार्यक्रमाला चुलते आले असं त्याला वाटलं.

बबनरावांनी विचारलं, "हितं काय व्हतं रं, संतोष?"

"काय न्हाई तात्या, झुडपं व्हती. मुहूर्त सकाळचा, म्हणून पहाटंच मशीन लावून साफ करून दिलं."

 मग मी सांगितलं की ती केवण होती, आणि यंदाच्या दोराची होती. संतोष माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. केवण तर वर आहे ना, देवापाशी, असं म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. स्टीलच्या कठड्याच्या आत जे असतं ते केवण, आणि बाहेर जे असतं ते झुडूप, असंच त्याच्या डोक्यात होतं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. त्याने दोन माणसं बोलावली आणि आम्ही सगळेच मातीच्या ढिगात हात घालून शोधायला लागलो. छड्या सापडल्या, पण बकेटखाली ठेचून त्यांचे वीतभर तुकडे झाले होते. बाकीच्या छड्या एका खड्ड्याच्या भरावात गेल्या होत्या आणि वरून रोलर फिरला होता. तिकडे मांडवात नारळ फुटला आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. एक पेढा बबनरावांच्याही हातात आला. तो त्यांनी परतीच्या वाटेत गायीला दिला.

वरचं ठाणं

आता शेवटचं तेवढं उरलं होतं. दुपारी आम्ही डोंगरावरच्या ठाण्याला गेलो. वर जायला आता सिमेंटच्या पायऱ्या आहेत. देवाच्या मागे, कठड्याच्या आत, फरशी बसवलेल्या कट्ट्यामधून केवणीची सहा-सात झुडपं वर आलेली. आजूबाजूचं सगळं गेल्यावर एवढी वाचवली, आणि तेव्हापासून कुणी त्यांना हात लावलेला नाही. बुंधे मनगटाएवढे जाड, फांद्यांचा गुंता, त्यांना नवसाचे रंगीत दोरे बांधलेले. शेंगा मात्र लगडल्या होत्या. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने इतकं भरलेलं झुडूप मला कुठे मिळालं नसतं. बबनरावांनी वाकून एका बुंध्याला नख लावलं. साल बोटभर निघाली आणि तुटली. दुसऱ्याला लावलं. तिथेही तेच. सगळ्या झुडपांना एकदा नख लावून झाल्यावर ते कट्ट्यावर बसले. ठाण्याकडे यायचं ते पहिल्या दिवसापासून का टाळत होते ते मला तेव्हा कळलं.

यंदाचा दोर गेला, हे आता ठरलंच होतं. पण पुढच्या वर्षीचा वाचवता येत होता. ही झुडपं आज बुडापासून तोडली की पुढच्या दसऱ्याला छड्या तयार. दिवेलागणीला मंडळाची माणसं सभामंडपात जमली आणि बबनरावांनी ते मागितलं. आयुष्यात त्यांनी गावाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मीही बोललो. मुळं जिवंत राहतात, तोडल्याने झुडूप मरत नाही, उलट न तोडल्याने त्याची साल मरते, हे मी तीन प्रकारे समजावून सांगितलं.

कोणी उर्मटपणे बोललं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकाने हळूच सांगितलं की मागे एका डंपरवाल्याने दात घासायला इथली काटकी मोडली आणि आठवड्यात त्याची गाडी पलटी झाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. पिढ्यान्पिढ्या ज्या देवाला तोडलेली केवण लागत होती, त्याला ती तोडलेली चालत नाही असं आता ठरलं होतं, आणि ही श्रद्धा तिथल्या फरशीपेक्षा जुनी नव्हती. मला राग आला आणि मी तो लपवला नाही.

संतोष उठून चुलत्यासमोर खाली बसला.  "तात्या, सर म्हणत्यात ते मला पटतंय. माझ्या हातनं सकाळी काय झालं तेबी मला कळतंय. पण तुमच्याच मानाचं झाड म्हणून आमी हे राखलं. त्याला आता आमीच कोयता लावला तर उद्या गावात कुणाचं काय बी झालं तरी तुमच्यावर येईल. मला ते सोसणार न्हाई."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मग ठरलं ते असं. दोर नायलॉनचा आणायचा, केवणीच्याच रंगाचा मिळतो. पण धरायचा बबनरावांनीच, मान त्यांच्या घरातून हलणार नाही. आणि या झुडपांची माहिती पुढच्या पिढीला व्हावी म्हणून कट्ट्यावर ग्रॅनाइटची पाटी लावायची, मजकूर सरांनी, म्हणजे मी, लिहून द्यायचा. सगळ्यांना बरं वाटलं. बबनराव बरं म्हणाले. डोंगर उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, पायऱ्या असूनही.

निघताना

सकाळी वहिनींनी पिठलं-भाकरी बांधून दिली. पिंपातलं पाणी बबनरावांनी गायींना दाखवलं होतं आणि पिंप पालथं घातलं होतं. मी ओसरीवर बसून पाटीचा मजकूर लिहिला. लिहायची मुळीच इच्छा नव्हती, पण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी कुठूनतरी काहीतरी उतरवून लावलं असतं.

मी लिहिलं: केवण, म्हणजेच मुरुडशेंग. सह्याद्रीच्या उतारांवरील पानझडी जंगलात वाढणारे झुडूप. पाने गोलसर, दातेरी, खरखरीत. फुले विटकरी तांबडी, कोमेजताना राखाडी निळी. पावसाळ्यात व त्यानंतर फुलतात. त्यांचा मध शिंजीर पितात. शेंगा पीळदार, पोटदुखीवर उपयोगी. साल अतिशय चिवट व तंतुमय असून तिच्या वाखापासून बळकट दोर वळतात.

बबनरावांना वाचायला दिलं. त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी सगळं बराबर हाय, साहेब. ही तेवढी काढा."

मी म्हणालो, ही तर सगळ्यात खरी ओळ आहे.

"व्हय. पण ते वाचून कुणीतरी नख लावून बघंल. साल सुटायची न्हाई. मग म्हणतील, बबन्याच्या घराण्यानं दोराचं काहीतरीच सांगितलं, हिचा दोर कवाच व्हत नव्हता."

मी ओळ खोडली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि स्कूटर काढली. महिन्याभराने संतोषने पाटीचा फोटो पाठवला, सोनेरी अक्षरांत कोरलेली, छान झाली आहे. तिच्यावर पान आहे, फूल आहे, शेंग आहे. केवणीला साल असते, हे त्या पाटीवरून कुणाला कळणार नाही.